मास्तर जागा घेतात

माझे सासरे गेली तीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवत आले, पण त्यांना स्वतःला मोटार चालवताना मी फारसं पाहिलेलं नाही. त्यांची जागा शेजारच्या सीटवर. त्यांच्या गाडीत त्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक बसवलेला आहे आणि मास्तरांचा उजवा पाय कायम त्याच्यावर असतो. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, घाम शिकणाऱ्याच्या कपाळावर, आणि गाडी थांबते ती मास्तरांच्या मर्जीने. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे ते नव्या माणसाला बसल्या बसल्या सांगून टाकतात. सगळं शहर त्यांना मास्तर म्हणतं. मीही म्हणते, पण पाठीमागे, तोंडावर 'बाबा'.

ब्रेकची सवय पायातून डोक्यात कधी चढली ते सासूबाईंनाही सांगता येत नाही. टीव्हीवर चोरामागे पोलिसांची जीप लागली की सोफ्यावर बसल्या बसल्या मास्तरांचा पाय फरशी दाबतो. दुकानात कुणी महागाचं कापड उलगडायला सांगितलं की पाय दाबला जातो. माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा घरी नेलं आणि "आम्ही लग्न करतोय" असं एका दमात सांगून टाकलं, तेव्हा मास्तरांचा चेहरा अगदी शांत होता. पाय मात्र टेबलाखाली दाबला गेलाच, आणि ब्रेकच्या जागी नेमका माझा पाय होता. मी ओरडले नाही म्हणून सून पसंत पडली, असं नवरा अजून सांगतो.

त्यांचं घर भर बाजारात. खाली किराणा दुकान, वर यांच्या दोन खोल्या. खिडकीखाली बसथांबा, समोर भाजीवाल्यांची रांग, आणि दिवसभर हॉर्न. मास्तर या गर्दीला रोज न चुकता शिव्या घालत. "ही काय माणसांनी राहायची जागा आहे?" असं म्हणत ते खिडकी लावून घेत आणि त्यांची पाठ वळली की सासूबाई ती उघडत. दुपारची कामं उरकली की सासूबाई खिडकीत. कुठली बस उशिरा आली, कुणाचं कुणाशी वाजलं, कुणाची मुलगी कुणाच्या स्कूटरवरून उतरली, सगळी खबर संध्याकाळी आम्हाला फोनवर मिळे. आम्हाला फोनवर, कारण आम्ही तिथे राहत नव्हतो. लग्न ठरल्यावर मास्तरांनीच सांगितलं होतं, "दोन सीटच्या गाडीत चार माणसं बसवत नाहीत." आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला भाड्याने राहायला गेलो. मी काम करते ती हॉस्पिटलची लॅब मात्र सासरच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, त्यामुळे रोज दोन बस बदलून मी सासरच्या खिडकीखालूनच जायची आणि सासूबाई वरून हात करायच्या.

सगळं असं सुरळीत चाललं होतं आणि मास्तरांचा उजवा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, हा पाय आता फार तर वर्षभर ब्रेकवर ठेवा. पुढे नाही.

मास्तरांना पेन्शन नाही. त्यांची शाळा म्हणजे ती एक गाडी आणि तो एक पाय. बँकेत आयुष्यभराची शिल्लक होती, पण ती नुसती खात बसलं तर संपणार हे उघड होतं. नवरा म्हणाला, "बाबा, घरखर्चाचं मी बघतो. दर महिन्याला देतो." मास्तरांचा पाय खाली दाबला गेला.

"माझ्या गाडीत पेट्रोल मी भरतो," ते म्हणाले. "मुलापुढे हात पसरायचा असता तर तुला वाढवलाच नसता."

या वाक्याला काही अर्थ नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं, पण कुणी बोललं नाही. मास्तर हट्टाला पेटले की बोलून उपयोग नसतो. सासूबाईंनी तेवढं हळूच विचारलं, "अहो, मग खायचं काय?" त्यावर बरीच चर्चा होऊन असं ठरलं, की शिलकीतून एखादी लहानशी जागा विकत घ्यायची आणि भाड्याने द्यायची. भाडं येत राहील, त्यात दोघांचं भागेल. कर्ज काढायचं नाही, हे मास्तरांनी आधीच जाहीर केलं. मला मनापासून बरं वाटलं. मास्तर जागा घेतील आणि आम्ही बघत बसू, एवढंच काम राहील असं मला तेव्हा वाटलं होतं.

जागा दाखवायला एजंटबाई आल्या. त्याही मास्तरांच्याच विद्यार्थिनी, परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होऊन शेवटी पास झालेल्या. मास्तरांनी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "तुझा फायदा कशात? मी जागा घेण्यात की मी चांगली जागा घेण्यात?"

"घेण्यात, सर," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही मला पास करवलंत. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. विचाराल ते खरं सांगेन."

यातलं 'विचाराल ते' नीट ऐकायला हवं होतं. पण तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही.

आता जागा बघत फिरायचं म्हणजे पेट्रोल जळणार, शिवाय क्लास बुडणार. मास्तरांनी यावर जी युक्ती काढली ती फक्त त्यांनाच सुचू शकते. शिकणाऱ्यांचा सकाळचा क्लास होता तसाच ठेवायचा, फक्त गाडी जागेकडे न्यायची. "डावीकडे घे, आता उजवीकडे, आता थांब, हँडब्रेक ओढ, चल वर." पेट्रोल शिकणाऱ्याच्या फीमधलं आणि वर एक माणूस सल्ला द्यायला फुकट! एक दातांचे डॉक्टर शिकत होते. त्यांनी एका जागेच्या नव्या रंगावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "मास्तर, वरून भरलंय. आतून किडलंय." भिंत खरंच ओली निघाली. एक नवी नवरी होती, ती प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभी राहायची आणि ओटा उंच पडतो असं सांगायची. मास्तर तेही लिहून घ्यायचे, भाडेकरूच्या बायकोची उंची किती असेल हे ठाऊक नसताना.

मास्तरांचा मात्र, खरं सांगायचं तर, एकही प्रश्न वेडगळ नव्हता. मालक का विकतोय? परदेशी चाललाय म्हणता, मग घरात एकही खोकं का बांधलेलं दिसत नाही? वर कोण राहतं? वर राहणाऱ्यांच्या दारात जाऊन मास्तर त्यांना सगळे नळ एकदम सोडायला सांगत आणि मग खाली धावत येऊन छताकडे बघत उभे राहत. इमारतीच्या देखभालीचे पैसे कोण भरतं, आणि शेजाऱ्याने थकवले तर ते कुणाच्या बोकांडी बसतात? भाडेकरू निघून गेला आणि जागा तीन-चार महिने ओस पडली तर निभेल का? गिझर बिघडला तर कुणी बघायचं, त्याने की मी? आणि उद्या मलाच विकायची वेळ आली तर घेणार कोण? एका जागेच्या कागदांवर तीन भावांची नावं आणि दोघांच्याच सह्या होत्या. "तिसरा कुठेय?" मास्तरांनी विचारलं. दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर जिना उतरूनही गेले.

असं करत करत त्यांनी शहरातल्या यच्चयावत जागा नाकारल्या. एजंटबाईंच्या चपला झिजल्या. त्या मधल्या काळात तीनचार माणसं गाडी शिकून पास झाली, नवी आली, त्यांनीही ओटे बघितले. मास्तरांचा गुडघा तेवढा सुजत चालला होता. सासूबाई रात्री गरम पाण्याची पिशवी भरून द्यायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "वर्ष सरत आलं गं."

आणि मग एका सकाळी तो रस्ता सापडला.

त्या दिवशी गाडीवर एक अतिशय भित्रे गृहस्थ होते. महिनाभर शिकून ते दुसऱ्या गिअरच्या पुढे गेले नव्हते. एजंटबाईंनी दिलेल्या पत्त्यावर गाडी वळली आणि समोर रुंद, सरळ, स्वच्छ रस्ता. दोन्ही बाजूंना झाडं. माणूस नाही, सायकल नाही, कुत्रं नाही. गृहस्थांनी आपण होऊन तिसरा गिअर टाकला. मग चौथा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. "काय रस्ता आहे!" ते म्हणाले, आणि पाय ब्रेकवरून उचलून त्यांनी चक्क मांडीवर घेतला.

वरची जागाही चांगली होती. भिंती कोरड्या, मालक एकटाच, कागद चोख, वर कुणी राहतच नाही त्यामुळे गळण्याचा प्रश्न नाही. किंमत इतकी कमी, की शिलकीतून थोडे वाचत होते. एजंटबाईंनी घसा खाकरला. "सर, एकदा संध्याकाळीही येऊन बघा ना."

"संध्याकाळी क्लास असतो," मास्तर म्हणाले. "आणि संध्याकाळी काय भिंती ओल्या होणार आहेत?"

बाईंनी आणखी एक प्रयत्न केला. "सर, स्वस्त का आहे ते नाही विचारलंत."

"मालक समजूतदार आहे म्हणून," असं उत्तर मास्तरांनी स्वतःच देऊन टाकलं आणि त्याच दुपारी बयाणा दिला.

आम्हाला त्यांनी जागा दाखवली ती सगळे कागद झाल्यावर. मी गाडीतून उतरले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, बस कुठे थांबते?"

"बस?" मास्तर अभिमानाने म्हणाले. "या रस्त्यावर बस येतच नाही. तेच तर!"

"आणि दुकान?"

"एक नाही! भाजीवाला नाही, रिक्षावाला नाही, हॉर्न नाही. तासभर उभी राहा, माणूस दिसणार नाही."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो झाडांकडे बघत होता. मास्तरांनी तीस वर्षं रस्ते जोखले ते शिकणाऱ्याच्या सोयीने. रस्ता जितका ओस तितका चांगला, हे त्यांच्या हाडामांसात मुरलेलं. त्यांनी जागा पन्नास प्रश्न विचारून घेतली आणि ती जिथे होती तो रस्ता मात्र एकही प्रश्न न विचारता घेतला. मला हसू आलं, हे मी लपवत नाही. पण सासूबाई गाडीतून उतरल्याच नव्हत्या. काच खाली करून त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू गेलं.

पुढचे महिने कसे गेले ते लांबवत नाही. भाडेकरू बघायला येत आणि मास्तर स्वतःच त्यांना पळवून लावत, तेही मोठ्या आनंदाने. आमच्या हॉस्पिटलमधली एक नर्स मी मुद्दाम गळ घालून नेली. तिने विचारलं, "काका, माझी ड्यूटी उशिरा सुटते. तेव्हा इथे कुणी असतं का हो रस्त्यावर?"

"चिटपाखरू नसतं!" मास्तर म्हणाले. "अगदी निर्धास्त या."

ती आली नाही. एक शाळामास्तर आले, त्यांना मुलांची शाळा किती लांब ते मोजायचं होतं. एक नवं जोडपं आलं, त्यातल्या मुलीने दूध कुठे मिळतं एवढंच विचारलं आणि परत जाताना गाडीत रडली. मास्तरांनी भाडं उतरवलं, मग आणखी उतरवलं. एजंटबाई म्हणाल्या, विकायची असेल तर घेतलेल्या किमतीच्या बऱ्याच खाली उतरावं लागेल. मास्तर म्हणाले, थांबू. देखभालीचे पैसे मात्र थांबले नाहीत, ते रिकाम्या जागेसाठी दर महिन्याला भरावे लागत होते.

आणि गुडघ्यानेही धीर धरला नाही. एका सकाळी चौकात शिकणारी मुलगी गडबडली, मास्तरांनी ब्रेक दाबायला पाय टेकला आणि पाय दाबलाच गेला नाही. गाडी एका दुकानाच्या कट्ट्यावर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही. बंपर वाकला. मुलीने रडत रडत माफी मागितली, तर मास्तर तिला म्हणाले, "तुझी चूक नाही गं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून शाळेची पाटी उतरवली. त्या गुडघ्यावर स्टुलावर चढू नका असं सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आता खरी ओढाताण सुरू झाली. वाचलेले थोडे पैसे देखभालीत गेले, बाकीची शिल्लक सगळी त्या झाडांच्या रस्त्यावर भिंती होऊन उभी, आणि येणं काही नाही. सासूबाईंनी वर्तमानपत्र बंद केलं. डोळे दुखतात म्हणाल्या. दूध अर्धं केलं. पचत नाही म्हणाल्या. नवऱ्याने पाकिटात पैसे घालून उशीखाली ठेवले, तर पाकीट माझ्या पर्समध्ये परत. त्याने गुपचूप विजेचं बिल भरलं, तर मास्तरांनी तेवढी रक्कम घरातली नाणी गोळा करून पिशवीत भरून त्याच्या ऑफिसात नेऊन दिली. शिपायाला वाटलं, साहेबांनी काहीतरी जिंकलंय.

मग एक दिवस सासूबाई माझ्या लॅबमध्ये आल्या. रक्त तपासायचंय म्हणून नंबर लावला, पण खुर्चीवर बसल्यावर बाही वर करेनात.

"तुमच्या घराला भाडं किती पडतं गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आमच्या दोन खोल्यांना किती येईल? खाली बस आहे, दुकान आहे, तुझं हॉस्पिटल आहे."

"आई, त्याहून जास्तच येईल. लोक रांग लावतील."

"रांग नको. तुम्ही दोघं या." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली केला. "ते तुमचे पैसे घ्यायचे नाहीत. पण भाडेकरूकडून भाडं घ्यायला त्यांची ना नाही, बघ. आम्ही जातो तिकडे राहायला. रिकामी जागा भरली, भरलेली जागा कमवायला लागली. त्या एजंटबाईशी बोलून झालंय माझं."

आयुष्यभर खिडकीत बसून लोकांच्या उलाढाली बघितलेली ही बाई.

"पण आई, तुम्हाला करमेल का तिथे? तिथे बघायला सुद्धा कुणी नाही."

"नाही करमणार," सासूबाई म्हणाल्या. "पण अर्धं दूध पिऊन तरी मला कुठे करमतंय?" मग त्यांनी बाही वर केली. आता नंबर लावलाच आहे तर रक्त तपासून टाक म्हणाल्या.

एजंटबाईंनी मास्तरांना फोन केला. राहत्या घरासाठी भाडेकरू आहे म्हणाल्या. नवरा-बायको, दोघं कमावती, आधीचं भाडं कधी थकलेलं नाही, बाई जवळच्याच हॉस्पिटलात कामाला. मास्तर म्हणाले, "वा, घेऊन ये."

आम्ही बाईंबरोबर गेलो आणि बेल वाजवली. मास्तरांनी दार उघडलं. आधी बाईंकडे बघितलं, मग मुलाकडे, मग माझ्याकडे. आतून सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाजही येत नव्हता. मास्तरांचा उजवा पाय जरासा हलला. मला वाटलं, आता दार लागणार.

"बसा," मास्तर म्हणाले. "किती माणसं राहणार?"

"दोघं," नवरा म्हणाला. "बाबा, आपण..."

"इथे बाबा कोण नाही. मी मालक. आधीच्या मालकाशी संबंध कसे होते?"

"ठीक होते," मी म्हटलं. "गिझर बिघडला की फोन उचलत नसत."

"मी उचलीन. भिंतीला खिळे?"

"विचारून ठोकू."

"पाहुणे? तुमचे आईवडील वगैरे येऊन राहतात का?"

"बोलावलं की येतात," नवरा म्हणाला. "पण त्यांना गर्दीचा त्रास होतो."

मास्तरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "भाडं बाजारभावाने. एक पैसा कमी चालणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि एक पैसा जास्तही चालणार नाही. पाकिटं, पिशव्या, असलं काही नको. पावती मिळेल."

त्यांना सगळं कळलं होतं, पहिल्याच क्षणी. पण आम्ही जे नाटक घेऊन गेलो होतो त्यात त्यांना मान होता, आणि तो त्यांनी सोडला नाही. करारावर सह्या झाल्या. एजंटबाईंनी दोन्हीकडून दलाली घेतली. नवरा कुरकुरला, तर म्हणाल्या, "मी फुकट केलं असतं तर सरांना संशय आला असता."

अशा रीतीने आम्ही बाजारात आलो आणि म्हातारी माणसं झाडांच्या रस्त्यावर गेली. तिथे दूध नाही, भाजी नाही, म्हणून सासूबाईंनी मास्तरांपुढे गाडीची किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शिकवा." शहरभरच्या बायकांना शिकवणाऱ्या या माणसाने घरातल्या बाईला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. आता पाय चालत नव्हता, त्यामुळे शेजारी बसून नुसतं ओरडण्याखेरीज त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. सासूबाई तीस वर्षं त्यांचं ओरडणं ऐकत आलेल्या. पहिल्याच फटक्यात पास झाल्या.

बाजारात मात्र माझं नाव पार बुडालं. सुनेने सासू-सासऱ्यांना हाकललं, ही बातमी खालच्या किराणावाल्या काकूंनी सामानाबरोबर घरोघर पोचवली. मी साखर घ्यायला गेले की काकू वजनकाट्याकडे बघत म्हणायच्या, "तीस वर्षं राहिली बिचारी या घरात." भाजीवाले मला इतरांनी निवडून बाजूला टाकलेले टोमॅटो देऊ लागले. हॉस्पिटलमधल्या त्या नर्सनेही एकदा विचारलं, "खरंय का गं?" खरं सांगायचं तर मास्तरांना भाड्याची गरज आहे हे सांगावं लागलं असतं, आणि ते बाजारात सांगायचं म्हणजे त्यांच्या तीस वर्षांच्या ताठ मानेचं काय करायचं? मी गप्प बसले. थोडी मजाही यायची. इतकी वाईट सून व्हायला लोकांना किती कष्ट पडतात, मला एका सहीत जमलं होतं. पण रोज रोज ते तोंड फिरवणं जिव्हारी लागायचं, हेही खरं.

मग तिसऱ्या महिन्याचं भाडं द्यायची तारीख आली. सासूबाईंनी गाडी आणून बसथांब्यासमोरच तिरकी लावली आणि मास्तर हातात वाटेत घेतलेल्या भाजीची पिशवी घेऊन उतरले. मी नुकतीच कामावरून येत होते. जिन्याच्या तोंडाशी काकूंनी त्यांना गाठलं.

"मास्तर, स्वतःच्या घरी पाहुण्यासारखं यायची वेळ आली ना?" काकू म्हणाल्या. मी मागे उभी आहे हे त्यांना दिसत होतं, म्हणूनच मोठ्याने म्हणाल्या. "लोकांना गाडी शिकवलीत, सुनेला माणुसकी शिकवायची राहिली."

थांब्यावर बसची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. मी नुसती मान हलवली, बाबा, बोलू नका, या अर्थाने. त्यांनी काहीतरी थातुरमातुर सांगावं आणि वर यावं, एवढंच मला हवं होतं.

मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"काकू, हिने हाकललं नाही आम्हाला," ते म्हणाले. "मी जागा घेतली ती फसली. शाळा बंद पडली. जवळ काही उरलं नाही. आता ही दर महिन्याला पैसे देते आणि त्यात आम्ही दोघं जेवतो." मास्तर थांब्याकडे वळले आणि चौकातल्या गोंगाटावरून ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला. "हिच्या पैशावर आमचं घर चालतं. ऐकलंत ना सगळ्यांनी? हिच्या."

मास्तर जिना चढायला लागले, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत. एरवी कुणालाही पिशवीला हात लावू देत नाहीत. मी मागून जाऊन ती धरली, आणि त्यांनी ती सोडली.